विचारा, सांगते : बाप आत, घर बाहेर

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना ओघात लिहून गेले होते की, घरातला माणूस तुरुंगात गेला की मागे राहिलेल्यांना पैशाइतकीच एका बाहेरच्या, नेमानं येणाऱ्या माणसाची गरज असते, आणि शाळेतली नोकरी संपल्यापासून मी येरवड्याच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये हेच काम करते. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की हे सदर पूर्ण त्यालाच दिलंय. गावं बदलली आहेत, पत्रं थोडी छाटली आहेत. ‘असल्या लोकांचे लाड कशाला’ असंही काहींनी विचारलंय. मुलांनी काही केलेलं नाही, एवढंच त्यांना सांगते आणि पुढे जाते.

ताई, मी बँकेतून निवृत्त झालो. नाशिकरोडला राहतो. कारागृहाकडे सकाळी फिरायला जातो तेव्हा भेटीसाठी आलेल्या बायका, कडेवरची पोरं ताटकळत बसलेली दिसतात. या मुलांना गणित, इंग्रजी शिकवावं, चार संस्कार द्यावेत असं मनात आहे. सुरुवात कुठून करू?

गणित शिकवा. संस्कारांचं राहू द्या. त्या घरात आई आहे, आजी आहे, आणि नवरा आत गेल्यावर चार घरची धुणीभांडी करून पोरांना शाळेत धाडणारी बाई संस्कारांत आपल्यापेक्षा कमी पडते असं मला एवढ्या वर्षांत दिसलेलं नाही.

एक करू नका. गेटबाहेर बसलेल्या कुणाशी परस्पर ओळख काढून घरी जाऊ नका. तिथं आधीच एजंट, वकिलांची माणसं, ‘साहेबांशी बोलतो’ म्हणणारे घिरट्या घालत असतात. तुम्ही त्यातलेच वाटाल आणि बाईनं तसं समजणं योग्यच आहे. संस्थेमार्फत जा. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैदी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करतोय, त्यांच्या कामाची पद्धत समजून घ्या. तुमच्या जिल्ह्यात कोण हे काम करतं ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात कळेल. दुसरी वाट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची. तिथं प्रशिक्षण देऊन विधी स्वयंसेवक नेमतात, आणि निवृत्त माणसाला ते काम छान जमतं.

संस्था तुमची पोलीस पडताळणी मागेल. ‘मी काय चोर आहे का’ म्हणून रुसू नका. मुलांशी काम करणाऱ्या प्रत्येकाची ती व्हायलाच हवी. मुलाबरोबर बंद खोलीत बसायचं नाही, त्याला एकट्यानं कुठं न्यायचं नाही, आईला माहीत नसलेला फोन नाही की मेसेज नाही. हे नियम मुलासाठी आहेत आणि तुमच्यासाठीही आहेत.

आता खरं काम. वार आणि वेळ ठरवा, मग त्या वेळेला जा. ऐकायला किरकोळ वाटेल, पण माझ्या मते या कामाचा बारा आणे भाग हाच आहे. या घरांचं सगळं आयुष्य तारखेवर टांगलेलं असतं. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांच्या वर माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेले. तारीख येते, बाई रोजंदारी बुडवून कोर्टात जाते, साक्षीदार येत नाही, पुढची तारीख पडते. पोरगं संध्याकाळी विचारतं, ‘सुटले का?’ हे महिन्यामागून महिने. त्यात तुम्ही रविवारी दहाला येतो म्हणून अकराला आलात, पुढच्या रविवारी पाहुणे होते म्हणून आलाच नाहीत, तर त्या पोराच्या हिशेबी तुम्हीही कोर्टातच जमा. महिन्यातून दोनदाच जमणार असेल तर दोनदाच सांगा.

बँकेतला अनुभव पोतडीतून बाहेर काढा. केवायसी, बंद पडलेलं खातं, मुलाच्या नावाचं खातं, आधारवर एक नाव नि पासबुकावर दुसरं, या जंजाळात ही घरं अक्षरशः अडकून पडलेली असतात. अपूर्णांकांइतकंच तेही शिकवण्यासारखं आहे.

आणि त्यानं काय केलं होतं, हे विचारायचं नाही. पहिल्या दिवशी नाही, वर्षानंतरही नाही. सांगावंसं वाटलं तर ते सांगतील.

मॅडम, माझे मिस्टर दीड वर्षापासून आत आहेत, केस चालू आहे. मी कल्याणला राहते, दोन मुलं. एका ग्रुपची लोकं दर महिन्याला येतात. येताना वह्या, बिस्किटं आणतात, मुलांना उभं करून फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात. एक बाई दर वेळी विचारतात, ‘पण तुला आधी काहीच माहीत नव्हतं?’ मुलगा आता ते आले की बाहेर पळतो. नको म्हटलं तर माजली म्हणतील. काय करू?

माजली म्हणू देत.

फोटो ताबडतोब बंद. त्यासाठी कारण द्यायची गरज नाही, पण हवंच असेल तर हे सांगा : काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड होईल असं काही छापायला, दाखवायला बाल न्याय कायद्यातच मनाई आहे. ‘माझ्या मुलांचे जे फोटो ग्रुपवर आहेत ते काढून टाका’ असा दोन ओळींचा मेसेज त्यांच्या मुख्य माणसाला करा. तोंडानं बोलायला अवघड जातं, मेसेज राहतो. त्या बाईंना ‘मुलांसमोर तो विषय नको’ एवढंच म्हणा, आणि गप्प राहा. गप्प राहिलं की समोरचा आपोआप विषय बदलतो, हे वर्गात शिकलेलं शहाणपण.

त्यांना हाकलून द्या असं मात्र म्हणणार नाही. कामाला लावा. माणसं वाईट नसतात बहुधा, त्यांना काय करायचं ते कळत नसतं. वह्यांऐवजी तुम्हाला काय हवंय ते तुम्ही सांगा.

पहिलं, बालसंगोपन योजना. सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची राज्य सरकारची योजना आहे, पालक तुरुंगात असलेल्या मुलांनाही त्यात घेतात. २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये झाले आहेत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. आधार, शाळेचा बोनाफाईड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पासबुक आणि नवरा आत असल्याचा कारागृहाचा दाखला, एवढी कागदं गोळा करायला एकट्या बाईचे चार-सहा दिवसांचे पगार जातात. त्या ग्रुपमधल्या एकीनं तुमच्याबरोबर दोन दिवस रांगेत उभं राहावं. पैसे कधीकधी अडकून एकदम येतात, तेव्हा त्यावर महिन्याची फी ठरवू नका.

दुसरं, रेशन. अनेक जणी समजतात की कार्ड नवऱ्याच्या नावावर, तो आत, म्हणजे धान्य बंद. तसं नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार घरातली सगळ्यात मोठी सज्ञान बाई हीच रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख. दुकानदार ऐकत नसेल तर पुरवठा कार्यालयात बरोबर कुणीतरी शर्ट-पॅन्टवालं यावं लागतं, हे आपल्याकडचं कटू सत्य. ग्रुपमधल्या एखाद्या काकांना न्या.

तिसरं, वकील. खासगी वकिलाला दर तारखेला हजार-पाचशे देत असाल आणि ते झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, स्त्रियांना आणि मुलांनाही आहे, त्यात उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

मुलगा बाहेर पळतो ते ठीक आहे. पळू दे. त्याला उभं करून ‘थँक यू म्हण’ म्हणायचं नाही.

ताईसाहेब, मी बोलत्या आन शेजारची पोरगी लिवत्या. माझा ल्योक कळंब्याला आत हाय, दहा वर्साची शिक्षा लागलीया. सून माहेरला गेली ती आलीच न्हाई. नातू सात वर्साचा, माझ्यापाशी हाय. त्येला आमी सांगितलंय, बाप दुबईला गेलाय. एक ताई येत्यात शिकवायला, गुणाच्या हायत्या. त्या म्हणत्यात, आजी, खरं सांगा. मला वाटतंय, लहान जीव हाय, कशाला काळजाला घोर? त्या ताईनंच सांगून टाकलं तर?

आजी, आधी तुमच्या शेवटच्या वाक्याचं. त्या ताई तुम्हाला न विचारता काहीही सांगणार नाहीत, आणि सांगितलं तर त्यांचं चुकलं. ही गोष्ट सांगायचा मान तुमचा. त्यांना तसं स्पष्ट सांगून ठेवा, म्हणजे तुमची झोप नीट लागेल.

पण आजी, त्या म्हणतात ते खरं आहे.

दुबईचं असं होतं की, दुबईहून फोन येतो. दुबईहून माणूस दिवाळीला येतो, खेळणं आणतो. तुमच्या गल्लीत दुबईला गेलेलं कुणीतरी असेलच, आणि त्याचं पोरगं नातवाच्या वर्गात असेल. तुमचा नातू सात वर्षांचा आहे, म्हणजे तो हिशेब मांडतोय. माझा बाप मला फोन का करत नाही? आई गेली, बाप गेला, दोघांनाही मी नको झालो का? मुलं स्वतःच्या मनानं जे उत्तर काढतात ते खऱ्यापेक्षा वाईट असतं. बहुतेक मुलं एक तर ‘मी त्रास दिला म्हणून गेले’ असं धरून बसतात, नाहीतर ‘बाबा मेलेत आणि मला सांगत नाहीत’ असं. आणि गावात कळणार नाही हे तर विसराच. हातपंपावर कुणीतरी भांडणात ‘जा रं, तुझा बाप जेलात’ म्हणेल, त्या दिवशी बाप कुठं आहे हे कळण्यापेक्षा आजी आपल्याशी खोटं बोलली हे त्याला जास्त लागेल. त्याच्यापाशी आता तुम्ही एकट्याच आहात.

शिवाय शिक्षा दहा वर्षांची आहे. पुढेमागे तो संचित रजेवर घरी येईल. फर्लो म्हणतात ती. दोन-चार आठवडे राहील, सहसा पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागते, आणि मग परत जाईल. तेव्हा दुबईचं विमान कुठं उतरलं म्हणून सांगणार?

कसं सांगायचं ते सांगते. रात्री नको, शाळेत जाताना नको. सुट्टीच्या दिवशी, तुम्ही काही निवडत-टिपत बसलेल्या असाल तेव्हा. हात कामात असले की बोलायला सोपं जातं आणि पोरालाही डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. म्हणा, ‘बाळा, बाबा दुबईला न्हाईत. मोठ्या माणसांचा एक नियम त्येनं मोडला, म्हणून कोर्टानं त्येला कळंब्याला ठेवलंय. जेवतोय, झोपतोय, काम करतोय. तुझ्यामुळं गेला न्हाई. लई दिवस लागतील. मी कुठं जात न्हाई.’ एवढंच. त्यानं काय केलं ते आज विचारलंच तर ‘मोठा झालास की सांगीन’, आणि मोठा झाल्यावर खरंच सांगा. तो लगेच उठून खेळायला जाईल, तुम्हाला वाटेल कळलंच नाही. आठ-पंधरा दिवसांनी भलत्याच वेळी विचारेल, ‘तिथं पंखा हाय का?’ माहीत असेल तर सांगा, नसेल तर ‘आपण बाबाला विचारू’ म्हणा.

मग भेट. साध्या मुलाखतीत मध्ये काच किंवा जाळी असते, फोनवरून बोलावं लागतं, आजूबाजूला दहा जण एकदम ओरडत असतात. लहान मूल बापाला काचेपलीकडे पाहून हबकतं. म्हणून हे त्याला आधी सांगून न्या. आपल्याकडे कारागृह विभाग अधूनमधून ‘गळाभेट’ ठेवतं, कळंब्यातही झाली आहे. त्यात मुलांना मधल्या काचेशिवाय बापाच्या मांडीवर बसता येतं. तुमच्या लेकाला कळंब्यातच विचारायला सांगा की पुढची कधी आहे नि नाव कसं द्यायचं. नातवाचं आधार नि जन्मदाखला तयार ठेवा, नाव दोन्हीकडे सारखं आहे ना ते त्या ताईंना बघायला सांगा. प्रवास झेपत नसेल तर मोबाईलवरची ई-मुलाखत आहे. आधी नोंदणी करायची, वेळ मिळाली की लिंक येते. ते त्या ताई करून देतील, त्यांच्यासाठी हेच काम आहे.

पत्र लिहिणाऱ्या शेजारच्या पोरीला माझा नमस्कार सांगा. अक्षर सुरेख आहे.

आमच्या संस्थेतर्फे मी ज्या कुटुंबाकडे जातो त्या काकूंनी विचारलंय, ‘दादा, जामीन झालाय, पण जामीनदार नाही. तुम्ही उभे राहाल का?’ नाही म्हणवत नाही.

नाही म्हणा. माणूस पळाला तर पैसे तुमचे जातील हे एक कारण झालं, पण मोठं कारण वेगळं आहे. त्या दिवसापासून तुम्ही मुलांचे दादा राहत नाही, घराचे सावकार होता. काकू तुमच्याशी मोकळेपणानं भांडूही शकणार नाहीत.

नाही म्हणून घरी मात्र बसू नका. जामीन होऊनही केवळ कागद-पैशांअभावी आत राहिलेल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला सूचना दिल्या आहेत. सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालय अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही त्याच वर्षी आली, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी तेव्हा ४० हजारांपर्यंत मदतीची मर्यादा होती, आताची प्राधिकरणात विचारा. काही गुन्हे त्यातून वगळले आहेत. काकूंना घेऊन प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. जामीन मिळाल्याची तारीख आणि केस नंबर कागदावर लिहून न्या, तोंडी सांगितलं की विसरतं सगळं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. वर्गात एक मुलगा आलाय, सहा वर्षांचा होईपर्यंत आईबरोबर आत राहिलेला. आता मामाकडे असतो. घंटा झाली की भिंतीला लागून रांगेत बसतो. मुख्याध्यापक बोलायला लागले की थरथरतो. मामा म्हणतात, अंगात काहीतरी आहे. मी काय करू शकते?

अंगात काही नाही. तो ज्या घरात वाढला तिथं दिवसातून ठरलेल्या वेळी माणसं मोजतात, आणि मोजणी होईपर्यंत रांगेत बसायचं असतं. त्याच्यासाठी घंटा म्हणजे गिनती. बरॅकमध्ये सगळ्या बायकाच, त्यामुळे पुरुषाचा चढलेला आवाज त्यानं फक्त गेटच्या बाजूनं ऐकला असणार. कुत्रं, रहदारी, काळोखातलं अंगण, दुकानात पैसे देऊन वस्तू घेणं, हेही त्याला नवं असेल. त्याच्यासारखी मुलं थोडी नाहीत. २०२२ अखेर देशात १,५३७ बायका १,७६४ मुलांना घेऊन तुरुंगात होत्या.

मुख्याध्यापकांना म्हणावं, रोज एकदा त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी साधं बोला, डबा काय आणलास वगैरे. घंटेआधी तुम्हीच त्याला सांगा, ‘आता घंटा होईल, मग आपण पळायचं.’ जमलं तर घंटा वाजवायचं काम आठवडाभर त्यालाच द्या.

आई आत आहे हे वर्गाला सांगायचं कारण नाही. दाखल्यांवरून कुणी अडवलं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात आहे. आणि आर. डी. उपाध्याय खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की, कैदेत असताना झालेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहायचा नाही. त्याच निकालानं सहा वर्षांपर्यंत मूल आईपाशी राहू शकतं. याचा अर्थ असा की सहा पूर्ण झाल्यावर या मुलाची आई एका दिवसात तुटली. पहिलीत बसल्यावर बाराखडीआधी त्याला हे गिळायचंय. मामांना सांगा, त्याला आईला भेटायला न्या. न्यायला कुणी नसेल तर बाल संरक्षण कक्षाला सांगून एखादा स्वयंसेवक जोडून घ्या.

हाय ताई. मी २७ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. दीड वर्ष एका नववीतल्या मुलाकडे जातोय, त्याची आई येरवड्यात आहे, तो आजोबांकडे असतो. आम्ही सायन्स करतो, कधी टेकडीवर जातो. मला बेंगळुरूची ऑफर आलीय, दोन महिन्यांत जाईन. त्याला शेवटच्या आठवड्यात सांगावं का, म्हणजे मधले दिवस खराब होणार नाहीत?

मधले दिवस तुझे खराब होणार नाहीत. त्याचे होतील, आणि व्हायलाच हवेत, तू असताना.

आत्ता सांग. पहिल्यांदा आजोबांना, मग त्यांच्यासमोर त्याला. त्याची आई कशी गेली असेल याचा विचार कर. बहुतेक घरांत एका सकाळी पोलीस येतात आणि चप्पल घालायच्या आत माणूस जातो. निरोप घेऊन, सांगून-सवरून जाणारं माणूस त्यानं कदाचित बघितलेलंच नाही. ते तू दाखवू शकतोस.

तो चिडेल. दोन रविवार दार उघडणार नाही, ‘अभ्यास झालाय’ म्हणेल. तू तरी जा. आजोबांबरोबर चहा पी आणि ये. तिसऱ्या रविवारी तो येईल बहुतेक. नाही आला तरी तू तुझ्या वेळेला गेला होतास हे त्याला आतल्या खोलीतून ऐकू येत असतं.

तुझ्यासारख्यांना आकडे पटतात म्हणून सांगते. अशा सोबतीच्या कार्यक्रमांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला होता, ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोघींचा, २००२ साली प्रसिद्ध झालेला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमध्ये मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटल्या त्यांतल्या मुलांचा आत्मविश्वास उलट खाली गेला. म्हणजे आलाच नसता तर बरं, असं. तुझं दीड वर्ष झालंय, तू फायद्याच्या बाजूला आहेस. शेवट नीट कर.

‘मी बेंगळुरूहून रोज कॉल करीन’ असलं काही बोलू नकोस. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी संध्याकाळी, एवढं झेपणार असेल तर तेवढंच कबूल कर. तुझ्या जागी येणाऱ्याला शेवटच्या भेटींमध्ये बरोबर ने, पण त्याला ‘हा आता तुझा नवा दादा’ म्हणू नकोस, मुलं काही गाडीच्या टायरसारखी दादा बदलत नाहीत. भारी भेट देऊ नकोस. टेकडीवरचे दोघांचे फोटो छापून दे, आणि नववीची तुझी जुनी प्रॅक्टिकलची वही असेल तर तीही दे, आकृत्या काढायला त्याला उपयोग होईल.

ताई, मी दहावीत आहे, सातारा जिल्ह्यातली, आता वसतिगृहात राहते. बांधाच्या भांडणात माझ्या वडिलांनी माझ्या चुलत्याला मारलं. जन्मठेप झाली आहे. चुलत्याची मुलगी माझ्याच वयाची आहे, आम्ही एकत्र वाढलो. मला मार्गदर्शन करायला येणाऱ्या मॅडम सारखं म्हणतात की एकदा वडिलांना भेटून ये, मन हलकं होईल. आई पण रडते. मला नाही जायचं. मी वाईट आहे का?

नाहीस.

तुझं मन हलकं कशानं होईल हे मॅडमना ठरवता येणार नाही. मलाही नाही. भेटीला जाणं हा तुझा हक्क आहे, कर्तव्य नाही, आणि हक्क वापरायचा की नाही ते तू ठरवतेस. हे सदर मॅडमना दाखव. त्या मनापासून सांगत असतील, पण चुकीच्या माणसाला सांगताहेत. तुला आग्रह करण्यापेक्षा त्यांनी तुझ्या आईबरोबर भेटीच्या दिवशी एकदा जावं. तिला बरोबर कुणीतरी हवंय, म्हणून ती तुला ओढतेय असं मला तुझ्या पत्रावरून वाटलं.

आज नाही म्हटलंस म्हणजे कायमचं नाही म्हटलंस, असं नसतं. विसाव्या वर्षी जाशील, किंवा ते रजेवर येतील तेव्हा स्वयंपाकघरातून नुसतं बघशील, किंवा काहीच करणार नाहीस. पत्र लिहावंसं वाटलं तर लिही आणि पोस्टात टाकू नकोस, तेही चालतं. पोस्टात टाकणार असशील तर एवढं माहीत असू दे की आत जाणारी पत्रं आधी कारागृहातली माणसं वाचतात.

तुझ्या पत्रात वडिलांपेक्षा चुलत बहिणीबद्दल जास्त ओळी होत्या. छापताना मी त्या काढल्या, त्या तुझ्या आहेत. तिच्याशी बोलायची इच्छा आहे, पण ‘कोणत्या तोंडानं’ असं तू विचारलंयस. मॅडमची मदत घ्यायचीच तर इथे घे. बहिणीचा बाप गेलाय, तेव्हा पहिलं पाऊल तिच्या दारावर धडक मारून टाकायचं नाही. मॅडमनी तिच्या शाळेतल्या एखाद्या बाईंमार्फत आधी अंदाज घ्यावा की, तुझा निरोप आलेला तिला चालेल का. ती नाही म्हणाली तर तिच्या नाहीलाही तुझ्या नाहीइतकीच किंमत. हो म्हणाली तर निरोपात वडिलांची बाजू मांडू नकोस, त्यांच्या वतीनं माफीही मागू नकोस, ते काम त्यांचं आहे. तुला तिची आठवण येते एवढं लिही.

बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म भरताना पालकांच्या सहीपाशी अडशील असं वाटलं म्हणून लिहिते. आईची सही चालते.